दारातला टार्ट

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या आमच्या गावात कुणी वारलं की घरचे आधी पाद्र्याला फोन करतात आणि मग नोरीन टूहीला. पाद्री एखादे वेळी उशिरा येईल, नोरीन नाही. मयत घरात असेपर्यंत चहाची किटली थंड होऊ द्यायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तो नोरीनच्याच जोरावर चालतो.

तिच्या पोटात गोष्ट राहते, ही तिची दुसरी कीर्ती. कुणाच्या घरात रात्री काही बिनसलं की सकाळी दारात रुमालानं झाकलेला सफरचंदाचा टार्ट दिसायचा. ना चिठ्ठी, ना हाक. दोन दिवसांनी घरचे ताट धुऊन परत करायचे आणि तेही काही बोलायचे नाहीत. आम्ही याला माया म्हणत होतो.

सगळ्यात जास्त टार्ट गेले ते तिच्या शेजारच्या स्लॅटरींकडे. पॅडी स्लॅटरी हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, क्लबचा जुना कप्तान, गावाच्या गळ्यातला ताईत. तो कामाला होता ती खाण बंद पडली, तो घरी बसला आणि बायकोवर, मजेलावर, हात उचलू लागला. खरं तर आधीही उचलत होता. "माणूस सोन्यासारखा, दारू वाईट," पबमधले म्हणायचे. "तीही कुठं तोंड आवरते?" हे बायकांचं.

पॅडी गेला तेव्हा क्लबच्या पोरांनी दुतर्फा खेळाच्या काठ्या उभारून शवपेटीला मान दिला. मयताच्या घरी तर रांग फाटकापर्यंत गेली होती. "तुझ्यावर मोठं संकट आलं, मजेला," जो तो तिचा हात दाबून म्हणत होता. संकट पेटीत निजलं होतं, पण हे बोलणार कोण?

स्वयंपाकघरात नोरीन कप विसळत होती, मी पुसत होते. मजेला आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"नोरीन, तुझे टार्ट छान असायचे."

"अगं, त्यात काय एवढं!"

"सकाळी टार्ट दिसला की मला कळायचं, रात्री तुला ऐकू आलं होतं."

नोरीनचा हात पाण्यातच थांबला. "मला वाटलं, मी आले तर तुला लाज वाटेल."

"वाटायची ना. तुझं ताट परत करायला यायचे तेव्हा."

एवढं बोलून ती पुन्हा रांगेपुढे जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून नोरीननं टार्ट केला नाही. प्रार्थनेला गेली तरी मागच्या बाकावर बसायची. "मी त्या बाईला गोड खाऊ घालून गप्प केलं गं," असं मला कितीदा म्हणाली. मी म्हणायचे, "तू एकटी थोडीच!" त्यानं तिला काही बरं वाटत नसे.

नोरीनचा मुलगा किलियन लग्न करून आईच्याच शेताच्या कडेला घर बांधून राहिला. सून ईमर, हसरी पोर. यंदा अंतिम सामन्यात शेवटचा फटका किलियनच्या हातून हुकला आणि क्लब हरला. "पोरानं मनाला लावून घेतलंय," सारा गाव हळहळला. खुद्द नोरीन सुनेला म्हणाली, "दोन दिवस त्याच्याशी जरा जपून बोल हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नोरीनकडे बसले होते. पलीकडे काहीतरी फुटलं आणि ईमर ओरडली. नोरीन उठली. टोपलीतलं सफरचंद तिनं उचललं, सुरी घेतली, साल निघायला लागली आणि मग ती आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"बघितलंस? जपून बोल म्हणाले मी. मीच म्हणाले!"

सुरी टाकून ती तशीच धावली. मी फाटकापर्यंत गेले.

किलियन दारात आडवा उभा होता. "काही झालं नाही, आई. घरी जा. लोक बघतायत."

"बघू देत."

आत ईमर ओठाला फडकं लावून उभी होती. नोरीननं तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

"आई, मी तुझा मुलगा ना?"

"म्हणूनच आले. पॅडीची आई कधी आली नाही."

तिनं घरी येऊन पोलिसांना फोन लावला. "माझ्या मुलानं बायकोला मारलंय. हो, माझ्याच." नाव सांगताना मात्र तिला रडू फुटलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. "पोटच्या पोराला कुणी असं धरून देतं?" आठवड्यात क्लबच्या खजिनदाराची आई वारली, तर चहाला दुसरीला बोलावलं. सकाळी नोरीनच्या कुंपणाच्या भिंतीवर झाकलेले टार्ट ठेवलेले असायचे. आत ती आणि ईमर, दोघी येणारी-जाणारी पावलं ऐकत बसायच्या. दार कुणी वाजवत नव्हतं.

शेवटी एकीनं वाजवलं. मजेला आली होती, रिकाम्या हातानं. आमच्याकडे असं कुणी कुणाकडे जात नाही. ती भिंतीवरच्या टार्टांकडे न बघता आत गेली. त्यातला एक माझा होता.