अक्काला विजू दाखवायला

मालेगावहून कारंज्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉप होता, आणि जीव पुढं धनजला जाऊन बसला होता. तिथं माझी थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरनं घरी न्या म्हटलेलं. तिचा विजू मस्कतला, त्याला सुट्टी मिळेना. "फोनात तो मुंगीएवढा दिसते. तुह्या मोठ्या पडद्यावर एकडाव पाहू दे मले," अक्का म्हणाली होती.

किन्हीराजाला एक बाई शेजारी येऊन बसली.

"दागिने हायेत का माय, इतकं छातीशी धरलं?"

"लॅपटॉप हाये. जुनाच. नेहमीची सिस्टीम काढून त्यात लिनक्स टाकलं मी, व्हिडिओ पाहून पाहून. दुसऱ्या कोणाले चालवता येत नाही."

"मंग झोपा बिनघोर. चोरानं नेला तरी चालवता नाही येणार त्याले."

शेलूबाजारापर्यंत हसलो आम्ही. मग ती उतरली आणि मी नुसती शेंगांनी लगडलेल्या तुरी पाहत राहिले.

धनजला विजूच्या बायकोनं, वैशालीनं, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी वाढली, पण मी आधी आत जाऊन अक्काला पाहून आले. अक्का उशीएवढी उरली होती.

लॅपटॉप उघडला. वायफाय चटकन जोडलं, पण पुढं काहीच हलेना.

"माह्या फोनवर तं नेट चालून राह्यलं, मावशी," वैशाली म्हणाली.

"झालं का वं?" आतून अक्का.

"होऊन राह्यलं."

मग डोक्यात आलं. मागच्या सुट्टीत माझ्या आणि इथल्या, दोन्ही घरचं वायफाय विजूनंच लावलं होतं. आपला फोन न विचारता दोन्हीकडं लागावा म्हणून नाव एकच, पासवर्डही एकच. आणि माझ्या घरी प्रिंटरसाठी मी लॅपटॉपला नेटवर्कमधला एक ठरलेला पत्ता (आयपी) देऊन ठेवलेला. ओळखीचं नाव दिसल्याबरोबर तो समजला, आपण मालेगावातच आहोत, आणि तिथलाच पत्ता सांगत बसला. सेटिंगमध्ये दुसरी जोडणी केली, तिला 'धनज' नाव दिलं, पत्ता आपोआप घे म्हटलं.

विजू पडदाभर आला. लॅपटॉप आत नेऊन अक्कापुढं ठेवला.

"दिसला वं," अक्का म्हणाली. "किती वाळला रे बाप्पा."

"वाळलो कुठं, आई? पोट सुटलं माह्यं."

खरंच सुटलं होतं. अक्काची नजर पडद्यावर नव्हतीच, खिडकीच्या उजेडाकडं होती; तिला आता तेवढाच कळत होता. वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. मी लॅपटॉप उचलला आणि खिडकीपाशी, अक्काच्या नजरेसमोर धरला. हात भरून आले तरी धरून ठेवला.

परतीच्या गाडीत वाटलं, गेले अक्कासाठी, आणि तिला काहीच दाखवता आलं नाही. विजू मात्र तिला डोळे भरून पाहत होता.

अक्का त्याच आठवड्यात गेली. विजू अजून फोनवर विचारतो, "मावशी, आईनं मले पाह्यलं ना?"

"पाह्यलं ना रे," म्हणते मी.