शेवटच्या पंगतीचा वाढपी

सलीमचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका शेतकऱ्याशी करप्याच्या औषधावरून हुज्जत घालत होतो. माझं मंचरला बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे आणि हुज्जत घातल्याशिवाय तिथं काही विकलं जात नाही. सलीमचा जुन्नरला मंडप आणि भांडी भाड्यानं द्यायचा धंदा. एरवी तो फोनवर आधी दोन शिव्या हासडतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी शिव्या नाहीत, नुसतं माझं नाव घेतलं. मग म्हणाला, "तात्या गेले राव... सकाळी उठलेच न्हाईत." मी "बरं" म्हणालो. का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही. समोरच्याला बाटली दिली, किती पाण्यात किती टाकायचं ते नीट सांगितलं आणि तो गेल्यावर शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. गुलाबतात्या कोण, हे आमच्या गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. कुठल्या पेपरात त्यांचा फोटो आला नाही, कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही. पण त्यांच्यामुळे मी माणसात आलो, हे मला कुठंतरी लिहून ठेवायचंच होतं.

आमचं गाव कळंबपासून थोडं आत. तात्या पलटणीत स्वयंपाकी होते. एकोणीसशे नव्वदच्या आसपास पेन्शनीत निघून गावी आले, तेव्हा आम्हा पोरांना वाटलं, आता बंदुकीच्या गोष्टी ऐकायला मिळणार. तात्यांनी ट्रंक उघडली आणि आतून काढला एक फुटबॉल. लंगरात भात शिजवता शिजवता ते पलटणीच्या संघातून डाव्या बाजूला खेळायचे म्हणे. गावात तेव्हा तालीम होती, कबड्डी होती आणि टीव्हीमुळे क्रिकेट होतं. पायानं खेळायचा खेळ बघून म्हातारी माणसं म्हणायची, "आरं, हात काय आईनं बांधून ठिवल्यात व्हय तुमचे?" त्यामुळे तात्यांच्या वाट्याला आला तो सगळा उरलासुरला माल. कबड्डीवाल्यांनी मला जाड म्हणून पाण्याची कळशी राखायला बसवलं होतं. तात्यांनी मला बघितलं, हातानं माझी रुंदी मोजली आणि म्हणाले, "शांत्या, तू गोलात. निम्मं काम तर तू नुसता हुबा ऱ्हायला तरी हुतंय." सलीम तेव्हा आमच्याच गावात मामाकडे शिकायला होता. काडीसारखा पोरगा, पण पळायला लागला की दिसायचा नाही.

मैदान म्हणजे गावाचं पडीक गायरान. एक उन्हाळाभर आम्ही तिथले दगड वेचले. गोलाला निलगिरीचे वासे लावले. बाभळीच्या काट्यांनी बॉलचा जीव इतक्यांदा जायचा की सायकलवाला पंक्चर काढता काढता रडकुंडीला आला. एकदा गोलाचा आडवा वासा गायब झाला, तर तो कुणाच्यातरी गोठ्यावर सापडला. तात्या तिथं गेले, चहा प्यायले, गाईची चौकशी केली आणि वासा तिथंच ठेवून परत आले. आम्ही चिडलो तर म्हणाले, "गाय वल्यात बसंल का आता? दुसरा वासा बगू." आमच्या भागात फुटबॉलची ना लीग, ना संघटना. गणपतीत नाहीतर शिवजयंतीला कुणी स्पर्धा भरवली तर दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधे बसून जायचं, बहुतेक वेळा हरायचं आणि आंबूस वासाचे कपडे घेऊन परत यायचं. यालाच आम्ही क्लब म्हणत होतो.

पण हा क्लब टिकला तो पंगतीवर. आमच्याकडे लग्नात वाढायचं काम गावातल्या पोरांचं असतं. ते काम तोवर कबड्डीवाले करायचे. पुढे ते मोठे झाले, कुणी नोकरीला लागले, कुणाला बादली धरायची लाज वाटू लागली. लग्नसराई तोंडावर आली, तेव्हा तात्यांनी आम्हाला न विचारता सांगून टाकलं, "यंदा आमची पोरं वाढतील." आम्ही तोंडं वाकडी केली. खेळायला आलो होतो, आमटी वाढायला नाही. तात्यांनी पहिल्याच लग्नात माझ्या हातात आमटीची बादली दिली आणि मी बादलीत बघत बघत, सांडेल म्हणून जीव मुठीत धरून निघालो. दहा ताटांपैकी चार विसरलो. मागून तात्यांचा आवाज आला, "मान वर! बादली तुज्या हातात हाये, ती कुटं पळून चाल्लीया का? ताटं बग... कुणाचं रिकामं हाये ते बग." दुसऱ्या दिवशी मैदानावर सलीम बॉलकडे बघत पळत होता, तर तोच आवाज, तेच शब्द. "मान वर! बॉल तुज्या पायात हाये. मोकळा गडी बग!"

त्या दिवशी काहीतरी डोक्यात शिरलं. पुढे प्रत्येक लग्नसराईत आमचा सराव पंगतीतच व्हायचा. भाताच्या मागे आमटी कधी पोचली पाहिजे, समोरून मठ्ठेवाला आला तर कुणी बाजूला सरायचं, हाक न मारता नुसत्या नजरेनं बुंदीचं ताट कसं मागवायचं... तात्या मांडवाच्या खांबाला टेकून बघत असायचे. सगळं गाव जेवून उठलं की शेवटची पंगत आमची. त्या पंगतीला तात्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कमरेला पंचा गुंडाळून एकटे वाढायचे. विचारायचे काहीच नाहीत. सलीमला भात कमी, मला बुंदी दोनदा, ज्याचं काही बिनसलंय त्याच्याजवळ घडीभर जास्त उभं राहायचं. ते स्वतः कधी जेवले, हे आम्ही पाहिलं नाही. काकू, म्हणजे तात्यांच्या बायको, सांगायच्या की घरी येऊन दुधात भाकरी कुस्करून खातात.

वाढण्याच्या या वेडापायी एकदा मोठी गंमत झाली. पुण्याकडचा एक तयारीचा संघ आमच्याशी सामना खेळायला आला. गुडघ्यापर्यंत मोजे, सगळ्यांना सारखे बूट. तात्यांना काही ते दुपारचे उपाशी बघवेनात. काकूंनी मासवड्या आणि झणझणीत रस्सा केला, बाजरीच्या भाकऱ्या थापल्या आणि आम्ही अंगात मुरलेल्या सवयीनं मान वर ठेवून ताटं भरत राहिलो. पाहुणे नको नको म्हणत राहिले, आम्ही वाढत राहिलो. पुढं सामन्यात त्यांच्यापैकी एकालाही धड पळता येईना. त्यांचा गोलकीपर तर खांबाला टेकून डुलक्या काढत होता. आम्ही तीन गोलांनी जिंकलो आणि गावानं आमची मिरवणूक काढली. मिरवणुकीत तात्या नव्हते. ते पाहुण्यांना ओवा देत होते. "पावणं, ही म्याच काय धरू नका," असं त्यांनी सांगून टाकलं आणि पुढच्या वर्षी त्यांना परत बोलावून आधी सामना, मग जेवण असा बेत ठेवला. त्या खेपेला आम्ही पाच गोल खाल्ले. सगळे मीच खाल्ले म्हणायचे. तात्या मात्र दिवसभर खुशीत होते. असा माणूस गुरू म्हणून मिळाला तर जिंकायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

मग कालव्याचं पाणी आलं. ज्या माळावर कुसळं उगवत नव्हती, तिथं टोमॅटो लोंबू लागले. माझ्या वडिलांनीही लावले. गावात पैसा आला, पत्र्याची घरं स्लॅबची झाली आणि त्याचबरोबर आमचं गायरान लोकांच्या डोळ्यांत भरायला लागलं. माल काढला की क्रेट उतरवायला, गाड्या लावायला जागा हवी होती. पावसाळ्यात गाड्या चिखलात रुतायच्या, माल तिथंच सडायचा. उपसरपंच दशरथअण्णा यांची एक अख्खी गाडी अशी रुतून बसली आणि त्यांनी ग्रामसभेत विषय काढला की गायरानात शेड घालायची आणि मैदान बंद करायचं. अण्णा काही वाईट माणूस नव्हते. "पोरांनी लाथा मारन्यासाटी गावाचा माल सडवायचा का?" असं ते म्हणाले, तेव्हा निम्म्या माना डोलल्या. आमच्या बापांच्याही.

मला काय बोलायचं होतं, ते माझ्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं तुमच्या प्रत्येकाच्या दारातल्या पंगती कुणी वाढल्या? तुमच्या पोरींच्या लग्नात, तुमच्या बापांच्या तेराव्याला? मी उठलोही. शेजारी बसलेल्या तात्यांनी माझा सदरा मागून असा ओढला की बटण तुटलं. "खाली बस. वाडल्यालं बोलून दाकवायचं नसतं." "तात्या, मैदान जाईल!" "जाऊ दे. पन ह्ये बोलायचं न्हाई." मग ते स्वतः उठले. गावाच्या मालाला जागा हवीच, म्हणाले, फक्त पोरांना थोडी ठेवा. एवढंच. बराच गलका झाला आणि शेवटी निम्मं मैदान शेडला गेलं, निम्मं आमच्याकडे राहिलं.

मी तात्यांवर त्या दिवशी जितका चिडलो, तितका कुणावर चिडलो नसेन. उरलेल्या तुकड्यात गोल आडवे लावले आणि आम्ही सात-सात जणांत खेळू लागलो. बॉल क्रेटच्या थप्पीवर आदळला की हमाल शिव्या द्यायचे. अशातच अण्णांच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही सगळ्यांनी ठरवलं की तिकडे फिरकायचं नाही. वाढू देत त्यांचे ते. तात्यांना सांगितलं, तर ते नुसतं "बरं" म्हणाले. लग्नाच्या दिवशी आम्ही मैदानावर बसून होतो. मांडव तिथून समोरच दिसत होता. पहिली पंगत बसली आणि बघतो तर कमरेला पंचा बांधून तात्या एकटे भाताची पाटी घेऊन त्या लांबलचक रांगेतून निघालेले. टोकाला जायचे, पाटी ठेवायचे, बादली उचलायचे, परत फिरायचे. तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते. त्यांनी एकदाही मैदानाकडे बघितलं नाही. सलीम आधी उठला. "मरू दे राव... म्हातारा पडंल," म्हणत तो पळत सुटला आणि मग आम्ही सगळेच त्याच्या मागे. तात्यांनी बादली तेवढी पुढे केली. अण्णा मांडवाच्या दारात उभे राहून हे सगळं बघत होते. आभाराचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही.

तो क्लब म्हणून काही फार मोठा झाला नाही. पण त्या उरलेल्या तुकड्यावर आमच्यानंतरची पोरं खेळली, आता तर पोरीही खेळतात. सलीमनं पंगतीतच त्याचा धंदा शोधला. मी दुकानात गिऱ्हाइकांशी भांडतो, पण मागे गप्प उभा असलेला माणूस मला आधी दिसतो. पाच गोल खाऊन मला एवढं मिळालं, हे काय थोडं झालं?

तेराव्याला आम्ही सगळे आलो. चाळिशी ओलांडलेले, पोटं सुटलेले, कुणी चाकणहून, कुणी नाशिकहून. सलीमनं भांडी आणली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, ज्यानं त्यानं आपापली बादली उचलली. अख्खं गाव जेवून उठलं. मग सवयीनं आम्ही हात धुतले, ओळीनं बसलो, समोर पत्रावळी मांडल्या... आणि बसल्यावर लक्षात आलं. आमच्या पंगतीला वाढायला कुणीच नव्हतं. कुणी कुणाकडे बघेना. काकू दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. उठावं असं प्रत्येकाला वाटत असणार, पण त्या जागेवर उभं राहायची कुणाची छाती होईना.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला हात पुसत असलेले अण्णा पुढे आले. आता तेही थकलेत. त्यांनी खुंटीवरचा पंचा घेऊन कमरेला बांधला. तो तात्यांचाच होता. आधी त्यांनी भात वाढला, मग आमटीची बादली उचलली. आयुष्यात त्यांनी कधी बादली धरली नसावी. तिच्यात डोळे घालून, पाऊल जपत ते येऊ लागले. थोडी सलीमच्या मनगटावर सांडली, त्यानं ती दुसऱ्या हातानं पुसून टाकली. पुढच्या दोन पत्रावळी त्यांनी तशाच कोरड्या सोडल्या आणि माझ्यासमोर आले. माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे...

"अण्णा, मान वर."

ते थांबले. मान वर करून त्यांनी सबंध ओळ बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका तोंडाकडे. मग मागे वळले आणि राहिलेल्या त्या दोन पत्रावळींपाशी जाऊन वाकले.

मी मात्र मान खाली घातली आणि आमटी यायच्या आधीच कोरडा भात कालवत बसलो.