अंगठ्याच्या खात्यातले चोवीस रुपये

हॉस्टेलात रंगीत टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. इतकी वर्षे झाली, तरी त्या बँकेवरून जाताना माझे डोके तापते. म्हणून लिहून काढते. कोणाला दाखवायचे नाही.

गंगापूर रोडला मुलींच्या हॉस्टेलात मी झाडलोट करायची. आम्ही पाच बायका होतो, दोघी स्वयंपाकाला, दोघी झाडायला, एक भांड्यांना. पगार नव्वद रुपये, हातात मिळायचा. मग संस्थेने ठरवले की पगार बँकेत जमा होणार. एके दिवशी बँकेचा कारकून फॉर्मांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड घेऊन जेवणघरात आला. आम्हाला ओळीने उभे केले. एकेकीचा अंगठा धरायचा, पॅडवर दाबायचा, फॉर्मवर उमटवायचा. मी शेवटची. मी चौथी पास आहे. सही काय, पत्रही लिहिते. पण त्याने मान वर न करताच माझा अंगठा धरला, आणि परक्या माणसाने हात धरल्यावर माझे तोंडच मिटले. "मला सही येते" एवढेसुद्धा बोलता आले नाही. ही चूक माझी. ती मी कबूल करते. पुढचे सगळे मात्र त्यांनी केले.

महिन्यातून एकदा आम्ही मिळून पैसे काढायला जायचो. अंगठेवाल्यांना भिंतीकडच्या बाकावर बसवायचे. बाकी सगळ्यांची कामे आटोपली की मग कारकून आमच्या स्लिपा भरायचा. दीड-दोन तास सहज जायचे. बायका गप्पा मारायच्या, मी भिंतीवरचे वाचत बसायची. थुंकू नये, ठेवींवरचे व्याज, तक्रार वही मागितल्यास मिळेल, सगळे पाठ झाले होते. एकदा नवीन पाटी दिसली. चेकबुक असलेल्या खात्यात शंभर रुपये शिल्लक हवी, चेकबुक नसलेल्या खात्यात पाच. कमी पडल्यास सहामाहीला सहा रुपये कापले जातील.

मी पासबुक उघडले. दोन वर्षांत चार वेळा सहा रुपये गेले होते. पुढे बारीक अक्षरात नुसते 'आकार' लिहिलेले. माझ्या खात्यात दहाच्या खाली पैसे कधी गेले नव्हते. आणि चेकबुक? अंगठ्याला चेकबुक मिळत नाही, हे त्याच कारकुनाने आम्हाला सांगितले होते. म्हणजे जे चेकबुक आम्हाला द्यायचे नाही, त्याचा दंड आमच्याकडून घ्यायचा. चौघींची पासबुके मागून पाहिली. सगळ्यांचे चोवीस-चोवीस गेलेले. चोवीस रुपये म्हणजे आठ दिवसांचे झाडणे.

सायखेड्याची स्वयंपाकीण माझ्या शेजारी बसली होती. मी तिला दाखवले.

"आगं, शिकलेली मानसं हायेत ती. आपल्या सा रुपयाला कशाला हात लावतील?"

"लिहिलंय बघ ना इथं."

"मला काय कळतंय त्यातलं? तुला वाचता येतं, तर जा ना, बोल त्याच्याशी. बोलतीस?"

मी बोलणार नाही हे तिला माहीत होते. सगळ्याच हसल्या.

मला बोलता येत नाही, लिहिता येते. दोन दिवस बसून पत्र लिहिले. पाचही खात्यांचे नंबर घातले, पाटीवरचा नियम जसाच्या तसा उतरवला, खाली सही केली आणि बँकेतल्या पेटीत टाकून आले.

दीड महिन्याने उत्तर आले, तेही हॉस्टेलच्या रेक्टरबाईंच्या नावाने. त्यांनी मला ऑफिसात बोलावून वाचून दाखवले. सदर खातेदार निरक्षर असून खाते अंगठ्यावर चालते. सबब सहीचा अर्ज खातेदाराचा मानता येत नाही.

"कोणत्या मुलीकडून लिहून घेतलंस?" रेक्टरबाईंनी विचारले.

"मीच लिहिलं, बाई."

"खरं सांग, मी रागवणार नाही. पण मुलींना असल्या भानगडीत ओढू नकोस. परीक्षा जवळ आल्यात त्यांच्या."

हॉस्टेलची वाण्याची यादी सहा वर्षे मी लिहीत होते. त्याच यादीवर बाई दर महिन्याला सही करायच्या. ती कोण लिहिते हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नव्हते. मला रडू आले नाही. अंगाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटीच बँकेत गेले. काउंटरवर तोच कारकून.

"काय मावशी, आज कुठला पगार?"

माझ्या पत्राची नक्कल मी जवळ ठेवली होती, ती पुढे केली. त्याने वाचले आणि शेजारच्याला म्हणाला, "घ्या, वकिलीणबाई आल्या." मग मला, "लिहिणारा कुठाय? त्याला घेऊन ये."

"मी," एवढेच माझ्या तोंडून निघाले.

"हो का? मग वाचून दाखव बघू."

माझा आवाज फुटेना. मागे रांग, सगळे बघताहेत. त्याला वाटले, पकडली. तो हसला. शेजारचाही हसला.

ते हसणे मला सोसले नाही. काउंटरला दोरीने बांधलेले पेन होते, ते ओढले. तिथली एक स्लिप उलटी केली आणि लिहिले, 'तक्रार वही द्या. मागितल्यास मिळेल असे तुमच्या पाटीवर आहे.' दोरी आखूड, म्हणून वाकून लिहावे लागले. तरी अक्षर नीट आले.

त्याने वाचले. हसणे थांबले. "साहेब कामात आहेत," म्हणाला. मी त्याखाली लिहिले, 'थांबते.'

रांगेतले लोक कुरकुरायला लागले तसे मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. स्लिप हातात घेतली. "हे या बाईंनी लिहिलं?"

"नाव गिरवायला शिकवलं असेल कोणीतरी," कारकून म्हणाला.

"नाव कुठाय यात?" साहेब म्हणाले.

मग लेजर आले. साहेबांनी पाने उलटली, कारकुनाला इंग्रजीत काहीतरी बोलले. मग मला म्हणाले, "संस्थेची खाती एकगठ्ठा उघडली, तेव्हा चुकून चेकबुकवाल्यांत धरली गेली. तुमचे चोवीस रुपये आज जमा करतो."

मी पत्रातल्या बाकीच्या चार नंबरांवर बोट ठेवले.

"त्यांची तक्रार कुठे आहे? या पत्रावर त्यांचे अंगठे नाहीत."

"मग पैसे कापताना अंगठे घेतले होते का?"

हे मी बोलले. मोठ्याने. कसे बोलले ते मला आजही कळत नाही.

"बाई, ओरडू नका. ही बँक आहे."

मी काही ओरडले नव्हते. बारीक आवाजाची सवय झालेल्या बाईने नुसते विचारले, तरी यांना ते ओरडणे वाटते. मी तिथेच दुसरा अर्ज लिहिला, पोच मागितली आणि ती हातात पडेपर्यंत काउंटर सोडले नाही. दुसऱ्या दिवशी चौघींना बँकेत नेऊन त्या अर्जावर त्यांचे अंगठे उमटवले.

पुढच्या पगाराला सगळ्यांच्या पासबुकात चोवीस रुपये जमा होते. स्वयंपाकीण आनंदाने म्हणाली, "आलं गं बाई! काय लिहिलंय म्होरं?"

'सवलत' लिहिले होते.

"सवलत म्हंजी?"

"म्हणजे बँकेने आपल्यावर मेहेरबानी केली."

"आन मंग कापलं कोनी व्हतं?"

मी परत जाऊन साहेबांना तो शब्द खोडायला सांगायला हवे होते. चूक झाली, असे लिहा म्हणायला हवे होते. पण बस सुटायची वेळ झाली होती, बायका दारातून हाका मारत होत्या, आणि त्या दिवशी माझ्यात तेवढा दम उरला नव्हता. पासबुक पिशवीत टाकून मी निघाले. पैसे पूर्ण मिळाले. तो शब्द तसाच राहू दिला, याचा राग मला बँकेचा येतो तेवढाच माझाही येतो.