मला न कळलेला प्रश्न
“आमची भांडीवाली माझा प्रश्न तपासणार?” सई भर वर्गात बोलली. पोरं खिदळली. मी मान खाली घातली. सवयच ती.

सई सोळा वर्षांची. निगडीत तिच्या घरची धुणीभांडी मी करायची. तिनं बॅडमिंटनपायी शाळा सोडलेली, माझी चौथीतच सुटलेली. म्हणून बाहेरून दहावी करायला आमी दोघी एकाच वर्गात. रविवारी भरतो.

तिथं सरांची रीत अशी. धडा झाला की ज्यानं त्यानं मोबाईलवर एक प्रश्न तयार करून टाकायचा. बाकीच्यांनी तो वाचून तारे द्यायचे, खाली शेरा लिहायचा. कळला न्हाई असं कुणी लिहिलं, तर प्रश्न परत लिहायचा. पोरं न वाचताच एकमेकांना पाच तारे द्यायची. माझ्या प्रश्नाला एक. खाली हसरी तोंडं. कुठं चुकलं ते कुणी लिहीत नव्हतं.

मला सईचा प्रश्न तपासायला आला. ओठ हलवत वाचला. परत वाचला. न्हाई कळला. एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘मला कळला न्हाई. परत लिहा.’

त्यावर हे सगळं.

सर वाईट न्हाईत. बाजूला घेऊन म्हणाले, “आजी, पोरीचं मन कशाला मोडता? शेरा काढा, पाच तारे देऊन टाका.” दुसऱ्या दिवशी सईच्या आईनं ओट्यापाशी तेच सांगितलं. वर म्हणाली, मावशी, माणसानं आपली पायरी बघून वागावं.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. चाकणला आमची जमीन कंपनीत गेली, तवा साहेब लोक भराभरा बोलले. मी व्हय म्हणले. घरधनी दवाखान्यात व्हते, डॉक्टर बोलला. व्हय म्हणले. कळलं का, असं कुणी विचारलं न्हाई. सगळ्या जन्मात कळलं न्हाई म्हणायला एक जागा मिळाली, ती बी पुसायची?

“वहिनी, न कळलेलं कळलं म्हणून मी लिहिणार न्हाई.”

त्यांनी दुसरी बाई बघितली.

सईनं प्रश्न बदलला न्हाई. माझा शेरा बी तिथंच हाय. पोरं अजून खिदळतात. सर आता मला तपासायला प्रश्न देताना बिचकतात. न्हाई दिला तर मागून घेईन. कळला तर तारे देईन. न्हाई कळला तर तसंच लिहीन. सईचा असू दे, न्हाईतर सरांचा.