ड्रममध्ये चालणारी मोटर

ड्रममास्तरांना सगळे ड्रममास्तर म्हणत, कारण त्यांच्या शेडच्या मधोमध एक निळा ड्रम होता आणि त्या ड्रमभोवती त्यांचं सगळं आयुष्य फिरत होतं. बोटीच्या मागे लावायच्या मोटरी ते दुरुस्त करत. मोटर ड्रमच्या कडेला अडकवायची, पंखा पाण्यात बुडवायचा, दोरी ओढायची आणि डोळे मिटून ऐकत उभं राहायचं. कुठला प्लग काळा पडलाय, कुठल्या कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकलाय, हे त्यांना डॉक्टरला खोकल्यावरून कळावं तसं कळायचं. तलाव शेडपासून दोनशे पावलांवर होता. वारा कुठून वळतो, कुठल्या कोपऱ्यात पाणवेली पंख्यात गुंततात, हे ते गिऱ्हाइकांना असं काही सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस पाण्यातच जन्मलाय.

आणि हा माणूस एकतीस वर्षांत एकदाही बोटीत बसला नव्हता.

कारण काही फार खोल नव्हतं. भीती वाटायची. कमरेएवढ्या ड्रममधलं पाणी ठीक, त्यापलीकडच्या पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सुरुवातीची दोन-चार वर्षं कुणी चला म्हटलंच नाही, आणि नंतर ते म्हणण्याची वेळ निघून गेली. मोटर पाण्यावर नेऊन बघू या का, असं एखाद्याने सुचवलंच तर मास्तर गंभीर चेहरा करून म्हणत, आवाज ड्रममध्येच खरा कळतो. एवढ्या ठासून सांगितल्यावर कोण वाद घालणार?

हे गुपित एकट्या बायकोला ठाऊक होतं. तिने ते इमानाने सांभाळलं, फक्त अधूनमधून चिमटा काढायला वापरलं.

ही बायको रंगाच्या कारखान्यात भांडार सांभाळायची. थिनर, स्पिरिट, वार्निश, सगळा पेट घेणारा माल, आणि खोलीला खिडकी नाही. तीस वर्षांत तिच्या भांडारात ठिणगीसुद्धा पडली नाही. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात जेवताना तिने सांगितलं, मी बोट घेतलीय. घेऊ का, असं नाही, घेतलीय. तीस वर्षं भिंतीकडे बघून झालं, आता उघड्यावर बसून मासे धरायचेत. मास्तरांचा घास हातातच राहिला.

बोट दुकानातली सगळ्यात स्वस्त होती आणि ते लपवायची तिला बिलकूल गरज वाटत नव्हती. पत्रा पातळ, दोन बाकांपैकी एक दुसऱ्यापेक्षा चार बोटं उंच, बाजूवर चिकटवलेला मासा पहिल्याच दिवशी शेपटीकडून सुटलेला. मोटर कुठल्या कंपनीची हे मास्तरांनाही वाचता आलं नाही. बरोबरचं माहितीपत्रक अशा कुणीतरी लिहिलं होतं, ज्याने मोटर लांबून पाहिली असावी. पण बाई बोटीवर अशी खूश होती की बघणाऱ्यालाही गुदगुल्या व्हाव्यात. दुकानाची अट एकच होती: दहा दिवसांत पसंत नसेल तर परत आणा, अकराव्या दिवशी तोंड दाखवू नका.

पहिल्या दिवशी बोट तलावाच्या मधोमध गेली आणि मोटर बंद पडली. बाईने दोरी ओढ ओढ ओढली. शेवटी पलीकडच्या काठाला माणसं नेणाऱ्या नाववाल्याने तिला दोर बांधून ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी तेच, बरोबर पाव तासाने. तिसऱ्या दिवशी नाववाल्याने काय झालं हे विचारणंही सोडलं, नुसता दोर फेकला. त्याच्या नावेतली माणसं एव्हाना ओळखीची झाली होती. ती हात हलवायची, बाईही मागून ओढली जात असताना ऐटीत हात हलवायची.

आणि शेडमध्ये? शेडमध्ये ती मोटर दोन-दोन तास शिलाई मशीनसारखी गुरगुरायची. मास्तरांनी प्लग बदलला. गाळणी बदलली. पेट्रोल ओतून टाकून नवं भरलं. कार्ब्युरेटर उघडून एकेक भोक फुंकलं. पाणी खेचणारा पंप काढला, बसवला, पुन्हा काढला. ड्रममध्ये मोटर ठणठणीत, तलावात पाव तासात प्राण सोडते. तलावात काय आहे जे ड्रममध्ये नाही, असं ते स्वतःशीच विचारत आणि उत्तरासाठी तलावावरच जावं लागेल हे लक्षात आलं की घाईने दुसरा पाना उचलत.

नववा दिवस उजाडला. उद्या बोट परत द्यायची किंवा ही बंद पडणारी मोटर जन्मभर गळ्यात बांधून घ्यायची. दुसरी बोट घेणं तिच्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा परत म्हणजे कायमचीच परत. मास्तरांना वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात हायसंही वाटत होतं. बोट गेली की प्रश्न मिटला. मग त्या हायसं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की चहा थंड झाला.

बाईने तो चहा पुन्हा गरम करून समोर ठेवला आणि म्हणाली, "मोटर तुमच्या ड्रममध्ये चालते, माझ्या तलावात चालत नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्याकडे जावं लागणार. आणि तलाव काही शेडमध्ये येत नाही."

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. रडली असती तर मास्तरांना निसटता आलं असतं.

दहाच्या सुमारास मास्तर धक्क्यावर अवतरले ते दोन लाइफ जॅकेटं घालून. एक रीतसर, दुसरं त्यावरून उलटं, म्हणजे पुढे पडलो तरी बरं, मागे पडलो तरी बरं. पाचावर धारण बसलेली, पण हातात हत्यारांची पिशवी, चेहऱ्यावर तोच गंभीर भाव. गिऱ्हाइकं नमस्कार करत होती. बोटीत पाय टाकताच बोट हलली आणि मास्तर जे खाली बसले ते दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून. आता नमस्कारालाही हात मोकळा नाही. ते नुसती मान हलवत राहिले, एखाद्या समारंभाचे पाहुणे असावेत तसे.

बाईने दोरी ओढली. मोटर लागली. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि ऐकू लागले, कारण ते एक काम त्यांना येत होतं. आवाज उत्तम होता. पाच मिनिटं उत्तम, दहा मिनिटं उत्तम. तोंडावर वारा लागत होता, बोटीच्या तळाला पाणी टपाटप थापट्या मारत होतं, आणि कसं कोण जाणे, त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. काठावर त्यांची शेड दिसत होती, काडेपेटीएवढी. आपण एवढ्याशा खोक्यात राहतो, हे बघून त्यांना हसूच फुटलं.

तेवढ्यात मोटर खोकली. तो खोकला मास्तरांनी हजारदा ऐकला होता. मोटरच्या पोटात पेट्रोल पोचत नाही. त्यांनी टाकीकडे बघितलं, टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. टाकीतून मोटरकडे जाणाऱ्या नळीवरच्या रबरी फुग्याकडे बघितलं, तर तो पायाखाली आल्यासारखा चपटा झालेला. मोटर बंद पडली. मास्तर रांगत रांगत टाकीशी गेले आणि झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू त्यांनी फिरवला. टाकीने फुस्सदिशी मोठा श्वास घेतला. फुगा टम्म झाला.

"हा कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"मी. रोजच करते. उघडा राहिला होता."

मास्तरांना एकदम उलगडा झाला. पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीच उलट ओढून धरते. हे ज्ञान त्यांच्या बोटांना इतकं पाठ होतं की शेडमध्ये टाकी आली की त्यांची बोटं आधी तो स्क्रू सैल करत, त्यांना न विचारता. आणि हिच्या बोटांना तीस वर्षं एकच शिकवण: झाकण दिसलं की आवळ. घरातही तेच चालायचं. ते बरण्या अर्धवट उघड्या टाकत पुढे जात, ती मागून आवळत जाई. ते बारीक भोकं फुंकत बसले होते आणि चोर रोज सकाळी त्यांच्याच हातात चहाचा कप देत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही नऊ दिवस.

"पण उघडं ठेवून आग लागली म्हणजे?" बाईने विचारलं, अगदी कळवळून.

टाकी उचलून नेताना बंद, मोटर चालताना उघडं, असं ते समजावू लागले, पण निम्म्यातच त्यांना हसू आवरेना. मग तिलाही आवरेना. नाववाला लांबून दोर घेऊन निघालाच होता. त्याला नको म्हणून सांगायला मास्तर दोन्ही हात जोरजोरात हलवू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तलावाच्या मधोमध उभे आहोत. ते मटकन खाली बसले.

दुसऱ्या ओढीला मोटर लागली. पाव तास झाला, अर्धा तास झाला. बोट आता परत द्यायची नव्हती. बाईचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

"झालं," ती म्हणाली. "सुटलात तुम्ही. आता परत यायला नको, काठाला सोडते."

सकाळपासून मास्तर याच वाक्यासाठी जीव मुठीत धरून बसले होते. आणि ते आल्यावर त्यांनी काठाकडे बघितलंही नाही. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. एकतीस वर्षांत इतकी निरोगी मोटर त्यांनी ऐकली नव्हती.

"घाई करू नकोस," ते गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले. "मला आवाज अजून बरोबर वाटत नाही. खुल्या पाण्यावरच ऐकावा लागेल."

"किती दिवस?"

"थंडी पडेपर्यंत तरी," मास्तर म्हणाले.

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तिने मोटरचा दांडा वळवला, आणि बोट काठाकडे न जाता पलीकडे निघाली.