चमचा वाजला की थांबायचं

आज मंगळवार. सकाळी रुद्रभूमीत अक्कांना माती दिली.
दुपारी लोकसभेत ते विधेयक मंजूर झालं.

दोन्हीला फार वेळ लागला नाही.

मी इथं सहसा काही लिहीत नाही. आज कुणाशी बोलावं ते कळत नाही, म्हणून लिहितेय.

उमाक्का आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या, मी इंग्रजी. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, अक्कांनी विधेयकं वाचायला घेतली. सरकार कायद्याचा मसुदा वेबसाइटवर टाकतं आणि लोकांकडून हरकती, सूचना मागवतं. मसुदा इंग्रजीत, मुदत थोडी. अक्का प्रिंट घेऊन दारात उभ्या.

"शुभा, मराठी कर गं. पण सरकारी नको. माणसांचं कर."

रविवारी सकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात वाचन. विड्या वळणाऱ्या बायका यायच्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मांडीवर सूप, हात चालू, कान आमच्याकडं.

सुरुवातीला सगळ्या नुसत्या माना डोलवायच्या. कळलं नाही म्हणायची लाज वाटायची.

मग अक्कांनी नियम केला. चहाचा स्टीलचा ग्लास आणि चमचा जवळच ठेवायचा. कळलं नाही की चमचा ग्लासावर वाजवायचा. तोंडानं काही बोलायची गरज नाही. चमचा वाजला की वाचन थांबणार आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून.

"घरी नवऱ्यापुढं बी वाजवू का, अक्का?"
"वाजव की. पळायची तयारी तेवढी ठेव."

असं हसणं चालायचं. पण थांबायचं म्हणजे थांबायचंच. मी कंटाळले तरी अक्का कंटाळायच्या नाहीत.

आज मंजूर झालेल्या या विधेयकात कामगार कुणाला म्हणायचं, याची व्याख्या होती. मालकाच्या जागेत काम करणारा तो कामगार. मी वाचलं आणि पुढं गेले.

चमचा वाजला. नरसम्मा.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा चमचा.

"बाई, मी कुटं हाय ह्येच्यात?"
"म्हणजे?"
"मी घरात वळते. मालकाची जागा मला ठावं बी न्हाई. मग मी कोण?"

मग शेजारचीनं वाजवला. मग तिच्या शेजारचीनं. सगळं समाजमंदिर वाजायला लागलं. अक्का भिंतीला टेकून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"शुभा, लिही. हीच आपली हरकत. घरी काम करणारी बाई पण कामगार आहे, असं एक वाक्य घाला म्हणावं."

हरकत ईमेलनं पाठवली, पोस्टानंही पाठवली. पोस्टाच्या पाकिटात अक्कांनी आणखी एक पाकीट घातलं. रिकामं. त्यावर स्वतःचा पत्ता आणि तिकीट.

एकीनं विचारलं, "अक्का, दिल्लीवाल्यांकडं पाकिटं न्हाईत व्हय?"
"असतील की. पण सबब नको. नाही म्हणायचं तर खुशाल नाही म्हणू देत. का नाही, ते मात्र कळवायचं."

एवढंच मागणं होतं हो. कुणाच्या हरकती आल्या, कुठली घेतली, कुठली टाकली आणि का टाकली. आपलं ऐकलंच पाहिजे असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

पाकीट परत आलं नाही. वेबसाइटवरही काही आलं नाही. मी फोन केले. "नोट कर लिया है" म्हणाले.

मधे अक्का आजारी पडल्या. हॉस्पिटलमध्ये रोज विचारायच्या, "आलं का गं?"
"नाही अजून."
"इरली. असू दे. कायदा करायचा म्हणजे वेळ लागतोच. विचार करत असतील."

त्या हे मनापासून म्हणायच्या. जन्मभर फळ्यावर तेच लिहिलं होतं. विधेयक मांडलं जातं, समितीकडं जातं, चर्चा होते, मग कायदा होतो.

आज रुद्रभूमीवरून आले, अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच मोबाइलवर लोकसभेचं कामकाज लावून बसले. समितीकडं गेलंच नव्हतं ते. सभागृहात घोषणा चालल्या होत्या, फलक नाचत होते. कलमं एकेक करून घेतलीच नाहीत. अमुकपासून तमुकपर्यंत, एका दमात. विधेयकाच्या बाजूचे 'हो' म्हणाले. झालं.

ज्या कलमावर आम्ही अख्खा रविवार अडलो, ते तिथं कुणी तोंडानं वाचलंसुद्धा नाही.

आमचं वाक्य त्यात नाही. मी शेवटपर्यंत शोधलं.

नरसम्माचा फोन आला.

"बाई, झालं म्हनत्यात टीव्हीवर. आमी आलो का त्यात?"
"नाही."
"का न्हाई?"
"ते सांगितलं नाही."

मग हळूच म्हणाली, "अक्कास्नी सांगू नका. लई मनाला लावून घेत्यात."

सकाळी तिनंही मूठभर माती टाकली होती.

परवा कुठला तरी नवा मसुदा येईल. हरकती मागवतील. मुदत देतील. मी कुठल्या तोंडानं त्या बायकांना म्हणू, की या, बसा, कळलं नाही तर विचारा?

रविवारी समाजमंदिर उघडू की नको? उघडून करू काय? खरंच सुचत नाही. धीर द्यायला म्हणून कुणी काही लिहू नका, प्लीज.

अक्का, या आता. उत्तर आलंच तर कुठं कळवायचं, तेवढं विचारायचं राहिलं.

आत्ता एकटीपुरता चहा टाकला. साखर ढवळताना चमचा ग्लासाला लागला.

मी थांबले.

कुणीच काही विचारलं नाही.

मग चहा प्यायले, ग्लास विसळला आणि पालथा घातला.