बोटीत बसायच्या आधी केलेला फोन

कॉलेजच्या सहलीच्या अर्जावर पालकाची सही लागत होती. आई बचत गटात सही करायला शिकली; वाचायला मात्र ती मलाच सांगते. "कोकणात धरण बघायला न्यायलेत," एवढंच मी वाचलं. राफ्टिंगची ओळ त्याच्या खाली होती. धाराशिवहून बस निघाली तेव्हापासून मला ती ओळ टोचत होती. सगळे गाणी म्हणत होते, मी सारखी जागा बदलत होते.

नदीवर पोचलो तर पात्रात दगडच दगड. गाइड, चाळिशीतले एक काका, जॅकेटचे पट्टे आवळत म्हणाले, "वरून पाणी सोडलंय. पंधरा मिनिटांत इथं येईल."

आमचं शेत माकणीच्या धरणाखाली, तेरणेच्या काठाला आहे. पाणी सोडलं म्हटलं की आमच्याकडं सगळे नदीकडं पळतात ते पात्रातल्या पाणी उपसायच्या मोटारी वर ओढायला. आई आणि मी किती वेळा दोर धरून मोटार ओढलीय. त्यामुळं दगडांमधून फेसाची रेघ पुढं सरकताना दिसली आणि मी काही कळायच्या आत बोटीचा दोर धरून ती चढावर ओढायला लागले.

"वर घ्या! पाणी आलं, वर घ्या!"

माझी रूममेट पोट धरून हसली. "अगं बाई, ही बोट हाय! पाण्यातच जायची हाय ती!"

गाइडकाका हसले नाहीत. "धरणाखालची का तू?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग ते सगळ्यांचे फोन पिशवीत गोळा करायला लागले, आणि मला वाटलं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल. मी आईला फोन लावला.

"आई, इथं बोटीत बसायचंय. रबराच्या. सोडलेल्या पाण्यात."

"सोडलेल्या पाण्यात? पाणी सुटल्यावर माणूस वर पळतंय का खाली उतरतंय?"

"संग गाइड हायेत."

"त्यांना दे."

मी स्पीकर लावला. "दादा, किती दारं उघडलीत?"

"दारं नाहीत काकू. वीज तयार करून झाली की पाणी खाली येतं, रोज सकाळी."

"अन् एखाद्या दिवशी जास्ती आलं तर तुमाला कोण सांगतंय?"

काकांनी फोनांची पिशवी खाली ठेवली. हे त्यांना आधी कुणी विचारलं नसावं. "वरून फोन येतो, काकू."

"तुमची पोरगी बसती का त्यात?"

"अजून लहान आहे. चौदा पुरी झाली की बसवणार."

"बसवनार म्हनता."

"बसवणार."

मग आई मला म्हणाली, "आधी का न्हाय सांगितलंस?"

"न्हाय म्हणली असतीस."

"म्हणलेच असते. आता सही झालीय, बस. उतरलीस की फोन कर."

बोटीत सगळे ओरडत होते. पाणी तोंडावर बसायचं, वल्हं हातातून निसटायचं. मी सारखी मागं वळून बघत होते, वरून आणखी पाणी येतंय का ते. "पुढं बघ, पुढं!" काका दर वेळी मलाच ओरडायचे. तासभर हेच चाललं.

शेवटी पाणी संथ झालं. "ज्यांना उडी मारायचीय त्यांनी मारा," काका म्हणाले, "जॅकेट आहे, बुडणार नाही." आईनं बोटीची परवानगी दिली होती, उडीची नाही. मला पोहता येत नाही. मी बराच वेळ बोटीची दोरी धरून बसले. मग मारली. का मारली ते अजून मला नीट सांगता येत नाही. नाकात पाणी गेलं, पायाखाली काहीच नव्हतं, आणि मी तरंगत होते.

काठावर फोन परत मिळाला. हात ओले होते, नंबर दोनदा चुकला.

"उतरले, आई."

"भिजलीस?"

"व्हय."

"बोटीत पाणी येतंय व्हय लई?"

व्हय म्हणून मोकळं होता आलं असतं. रूममेट शेजारी केस पिळत होती, बस हॉर्न वाजवत होती.

"न्हाय. म्या नदीत उडी मारली."

तिनं फोन ठेवला नव्हता; मागं कुणीतरी म्हशीला हाकलत होतं, ते ऐकू येत होतं. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले.